लस गावातून सुरू होते

महाराष्ट्रात, कोकणाच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात वेवजी हे गाव आहे. पलीकडे गुजरातच्या उंबरगाव तालुक्यातले सोळसुंबा. दोन्ही गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की राज्याची हद्द नेमकी कुठून जाते, यावरून वाद झाले आहेत. माणसे मात्र हद्द न पाहता ये-जा करतात. कोणी उंबरगावच्या कारखान्यात कामाला जातो, कोणी बाजाराला, कोणी सोयऱ्याकडे. गुरेही इकडची तिकडे जातात आणि त्यांच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली चिकटलेल्या गोचिडीही त्यांच्याबरोबर जातात.

सप्टेंबर २०२० मध्ये सगळा देश करोनाशी झुंजत असताना पालघर जिल्ह्यात एका वेगळ्याच तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला गेला. तो होता काँगो ताप. गुजरातच्या काही भागांत त्याचे रुग्ण आढळले होते आणि वलसाड जिल्हा पालघरला खेटून आहे, म्हणून पशुसंवर्धन विभागाने पशुपालक आणि मांसविक्रेत्यांना जपून राहायला सांगितले. सांगण्यासारखे एवढेच होते, कारण टोचण्यासाठी लस नव्हती. आजही नाही.

करोनाची लस वर्षभरात तयार झाली, हे आपण पाहिले आहे. मग गोचिडीच्या आणि डासांच्या तापांवरच्या लशींना तीस-चाळीस वर्षे का लागतात? काही तयार होऊनही हातातून का निसटतात? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत जेवढे आहे, तेवढेच वेवजीसारख्या गावात आहे.

गोठ्यातला एक थेंब

संध्याकाळी गुरे घरी आली की गोठ्यात एक नेहमीचे काम असते. घरातले कोणी म्हातारे माणूस किंवा पोर बैलाच्या कानामागे, गळ्याच्या पोळीखाली बोटे फिरवते. रक्त पिऊन फुगलेली, वाटाण्याएवढी राखाडी गोचीड बोटांना लागते. ती उपटायची आणि दोन नखांत धरून किंवा दगडावर ठेवून चिरडायची. बोटाला रक्त लागते, ते गवताला पुसले की झाले. पिढ्यान् पिढ्या हे असेच चालत आले आहे आणि बहुतेक वेळा त्यातून काहीही होत नाही.

ती गोचीड हायलोमा जातीची असेल आणि तिच्या पोटात काँगो तापाचा विषाणू असेल, तर मात्र तोच थेंब घातक ठरतो. बोटावरच्या बारीकशा चिरेतून विषाणू आत जातो. गोचीड चावल्यामुळे किंवा विषाणू अंगात असलेले जनावर कापताना त्याच्या रक्तातूनही तो येतो. बैलाला, शेळीला तो काही करत नाही. जनावर चरते, दूध देते, आणि आठवडाभर त्याच्या रक्तात विषाणू फिरत राहतो. माणसाला मात्र अचानक ताप चढतो, अंग मोडून येते, पुढे हिरड्यांतून, नाकातून, कातडीखाली रक्त येऊ लागते. या तापात दर शंभर रुग्णांमागे दहा ते चाळीस दगावतात.

भारतात हा ताप पहिल्यांदा पक्का ओळखला गेला जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंदजवळच्या कोलट गावात. तिथली एक स्त्री दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, हा काँगो तापच असल्याचे सिद्ध केले. पुढे संस्थेने देशभरातल्या गुरे, शेळ्या, मेंढ्यांचे रक्त तपासले, तेव्हा अनेक राज्यांतल्या जनावरांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. याचा अर्थ असा की त्या जनावरांच्या अंगात विषाणू कधीतरी येऊन गेला होता. माणसांतले रुग्ण तुरळक दिसत असले तरी विषाणूचा वावर फार मोठ्या मुलखात होता.

या तापावर लस नाही असे म्हटले, तरी जगात एका देशात ती आहे. बल्गेरियात १९७४ पासून सैनिक, पशुपालक आणि दवाखान्यातले कर्मचारी यांना काँगो तापाची लस दिली जाते. ती उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत विषाणू वाढवून आणि मग तो मारून बनवतात. मेंदूच्या ऊतीचे अंश लशीत राहण्याची भीती आणि काटेकोर तुलनात्मक चाचण्यांचा अभाव, यामुळे इतर देशांनी ती स्वीकारली नाही. नवी लस बनवायची तर अडचणी अनेक आहेत. हा विषाणू फक्त सर्वोच्च सुरक्षेच्या, म्हणजे चौथ्या स्तराच्या प्रयोगशाळेतच हाताळता येतो. भारतात एनआयव्हीची तशी प्रयोगशाळा पुण्यात २०१२ च्या अखेरीस उभी राहिली. साध्या प्रौढ उंदरांना या विषाणूचा त्रास होत नाही, त्यामुळे त्यांच्यावर लशीची परीक्षा घेता येत नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की रुग्ण इथे एक, तिथे दोन, असे विखुरलेले सापडतात. लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक दिसायला जेवढे रुग्ण लागतात, तेवढे एका जागी कधी मिळतच नाहीत.

प्रत्येक लशीमागे एक आजारी माणूस

लस म्हटले की आपल्याला काचेची कुपी आणि शीतपेटी आठवते. तिची सुरुवात मात्र कुठल्यातरी गावात, तापाने फणफणलेल्या एका माणसाच्या रक्तातून होते.

१९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानात, असिबी नावाच्या माणसाला पीतज्वर झाला. त्याच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. असिबी बरा झाला आणि त्याच्या रक्तातला विषाणू प्रयोगशाळेत वाढत राहिला. न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या आणि कोंबडीच्या गर्भाच्या ऊतीत शेकडो वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. असे करता करता त्याची माणसाला मारण्याची ताकद गेली, पण ओळख तीच राहिली. १९३७ मध्ये त्यातून पीतज्वराची लस तयार झाली. डासांमुळे होणाऱ्या विषाणूजन्य आजारावरची ती पहिली भरवशाची लस. थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेला जाणारा प्रवासी आज जी लस घेतो, ती त्याच विषाणूची आहे.

याच रॉकफेलर फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर, म्हणजे आयसीएमआरबरोबर, १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची एनआयव्ही ती हीच. डास, गोचिडी, वाळूमाश्या यांच्यातून पसरणारे विषाणू शोधणे, हे तिचे मूळ काम. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तातून १९६५ मध्ये एक नवाच विषाणू या केंद्राला मिळाला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. हा चांदीपुरा विषाणू वाळूमाशीतून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने कितीतरी मुले नेली. साठ वर्षे झाली, तरी त्याची लस अजून बाजारात नाही.

जपानी मेंदूज्वराचे उदाहरण मात्र आशा देणारे आहे. हा विषाणू भातखाचरांतल्या साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमधून येतो. बगळे आणि डुकरे यांच्या अंगात तो वाढतो आणि माणसाला, त्यातही मुलांना, डास चावला की मेंदूपर्यंत पोहोचतो. वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना जन्माचे अपंगत्व येते. भारतात आधी हिमाचलमधल्या कसौलीच्या संस्थेत उंदराच्या मेंदूपासून लस बनत असे. ती महाग पडे, थोडीच बने आणि तिचे अनेक डोस लागत. २००६ पासून चीनमध्ये बनलेली, दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची लस बाधित जिल्ह्यांतल्या मुलांना देण्यात येऊ लागली.

दरम्यान पुण्यात एक नमुना जपून ठेवलेला होता. १९८१ मध्ये कर्नाटकातल्या कोलारमधल्या एका रुग्णापासून मिळालेला हा विषाणू. एनआयव्हीने तो हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीला दिला. कंपनीने उंदराच्या मेंदूऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तो वाढवला, मारला, शुद्ध केला, आणि २०१३ मध्ये ‘जेनव्हॅक’ ही देशातच घडलेली लस आली. कोलारमधल्या त्या नमुन्यापासून लशीच्या कुपीपर्यंत बत्तीस वर्षे गेली. शीतगृहाची वीज चालू राहिली, नोंदवह्या सांभाळल्या गेल्या, नमुन्यावरची चिठ्ठी फाटली नाही, म्हणून हे झाले. लशीच्या गोष्टीत या गोष्टींचे नाव कधी घेतले जात नाही, पण त्यांच्यावाचून शास्त्रज्ञाचे हातही रिकामेच राहिले असते.

माकडतापाची लस: मिळालेली आणि हरवलेली

गोचिडीच्या तापांमध्ये आपल्याला सर्वांत जवळची, आणि सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट माकडतापाची आहे.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसेही तापाने आजारी पडत होती. आशियात तोवर कधीच न आढळलेला पीतज्वर इथे आला की काय, अशी धास्ती पुण्याच्या केंद्राला वाटली, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वर येतो तेव्हा आधी माकडेच मरतात. शास्त्रज्ञ जंगलात गेले. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते रशियातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराशी निघाले. पसरवणारी होती हिमाफायसालिस जातीची जंगली गोचीड. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. पुढे तिथून लाकूडफाटा, पाला न्यायला आलेल्या माणसाला खसखशीच्या दाण्याएवढी गोचिडीची पिल्ले चावतात. ती दिसतही नाहीत.

आधी रशियन मेंदूज्वराची लस वापरून पाहिली गेली, पण तिचा उपयोग झाला नाही. मग पुण्याच्या केंद्राने १९६० च्या दशकात स्वतःची लस घडवली. कोंबडीच्या गर्भातल्या पेशींत माकडतापाचा विषाणू वाढवायचा आणि फॉर्मेलिनने मारायचा. मेलेला विषाणू आजार देत नाही, पण शरीराला शत्रूचा चेहरा दाखवतो. ही लस चालली. कर्नाटकात तिचे उत्पादन झाले आणि १९९० पासून मोठ्या प्रमाणावर टोचणी सुरू झाली.

तोपर्यंत आजार कर्नाटकाच्या काही तालुक्यांपुरता मानला जाई. मग तो सह्याद्रीच्या कण्याने सरकू लागला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाळी गावात आला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतर सावंतवाडीतल्या बांदा परिसरात. हंगामही नेमका काजूचा. फेब्रुवारी ते मे या काळात अख्खी कुटुंबे काजूच्या बागेत वाकून बोंडे गोळा करतात, भाजावळीसाठी पातेरा भरून आणतात. गोचिडीच्या पिल्लांचा हंगामही हाच. ज्या कामावर वर्षाचा पैसा उभा राहतो, त्याच कामात ताप दबा धरून बसलेला.

लस होती, पण तिच्यात उणिवा होत्या. टोचल्यावर दंड फार दुखे, म्हणून लोक दुसऱ्यांदा येत नसत. आणि एका डोसाने काही होत नव्हते. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या माहितीचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की दोन डोस घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के संरक्षण मिळते, त्यावर वर्धक डोस घेतला तर सुमारे ८३ टक्के. म्हणजे महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा-नऊ महिन्यांनी वर्धक, आणि पुढे दरवर्षी एक, असे पाच वर्षे चालू ठेवायचे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला हे जमणे सोपे नाही. पुढे लशीच्या ताकदीबद्दल शंका वाढत गेल्या आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. त्यानंतरच्या हंगामांत गावे लशीवाचून राहिली.

आता याच्या शेजारी ऑस्ट्रियाची गोष्ट ठेवून पाहावी. तिथेही गोचिडीतून पसरणारा मेंदूज्वर आहे. विषाणू माकडतापाच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. १९७० च्या दशकात व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन कुन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी लस बनवली, तिची रीतही हीच होती: कोंबडीच्या गर्भाच्या पेशी, फॉर्मेलिन. आणि सुरुवातीची ती लसही त्रासदायक होती, टोचल्यावर ताप येई, दंड दुखे. पण तिथे काम थांबले नाही. लस अधिक शुद्ध केली गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दरवर्षी देशभर मोहीम चालवली गेली. आज ऑस्ट्रियातल्या दर दहा माणसांमागे आठ जणांनी ती लस घेतलेली असते आणि वर्षाला शेकडोंनी होणारे रुग्ण पुष्कळ कमी झाले आहेत.

एकाच घराण्यातले दोन विषाणू, लस बनवायची रीतही एक. ऑस्ट्रियात शहरातली माणसे सुट्टीला जंगलात जातात, म्हणून तो आजार साऱ्या देशाचा झाला. इथे जंगलात जातात ती पातेरा वाहणारी, काजू वेचणारी, गुरे राखणारी माणसे. त्यांच्या लशीत पन्नास वर्षांत म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. आपले शास्त्रज्ञ कमी पडले, असे मी म्हणणार नाही. लस पहिल्यांदा बनवली ती आपल्याच लोकांनी, पुण्यात. कमी पडले ते सातत्य.

आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून माकडतापाची नवी, दोन डोसांची लस तयार करत आहेत. या वेळी ते काम अर्ध्यावर सुटू नये.

डेंग्यूचे चार चेहरे

डासांच्या तापांपैकी डेंग्यू आज शहर आणि गाव दोन्हींकडे घरात शिरला आहे. टायर, नारळाची करवंटी, उघडी टाकी, पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेले पिंप, एवढे त्याच्या डासाला पुरते. डेंग्यूच्या लशीवर जगाने अफाट पैसा खर्च केला, तरी ती इतकी अवघड का, हे समजून घेण्यासारखे आहे.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकारापासून आयुष्यभर संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर आधीची प्रतिपिंडे त्याला अर्धवटच ओळखतात. ती विषाणूला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणू पेशींत आणखी सहज शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू अनेकदा जास्त जिवावर बेततो. लस चारही प्रकारांपासून सारखेच संरक्षण देणारी हवी. एका-दोघांपासूनच दिले, तर ती पहिल्या डेंग्यूसारखी वागण्याचा धोका राहतो.

हे फिलिपिन्सने सोसले. जगातली पहिली डेंग्यूची लस ‘डेंगवॅक्सिया’ २०१५ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोत मंजूर झाली. फिलिपिन्सने २०१६ मध्ये शाळांतून ती आठ लाखांहून जास्त मुलांना दिली. २०१७ च्या अखेरीस कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लस घेतल्यावर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. मोहीम थांबली. आईबाप इतके घाबरले की मुलांना इतर लशीही देईनात आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. एका लशीवरचा विश्वास उडाला, त्याची किंमत गोवराने मेलेल्या मुलांनी मोजली.

म्हणून आता डेंग्यूच्या लशींची परीक्षा जास्त काळ आणि जास्त बारकाईने घेतली जाते. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआर यांच्या ‘डेंगीऑल’ या एका डोसाच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी १४ ऑगस्ट २०२४ रोजी रोहतकमध्ये सुरू झाली. देशभरातल्या दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर ती होते आहे आणि प्रत्येकावर दोन वर्षे लक्ष ठेवायचे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही डेंग्यूच्या लशीवर काम चालू आहे. ‘एवढा वेळ का लागतो’ असे विचारावेसे वाटते, तेव्हा फिलिपिन्समधली ती मुले आठवावीत. हा वेळ वाया जात नाही.

चिकुनगुन्याची कथा वेगळी. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली. मग हा आजार भारतातून जणू नाहीसा झाला. अमेरिकी सैन्याने त्याची एक लस माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेली होती, पण आजाराची निकड वाटेना, तशी ती बाजूला पडली. २००५-०६ मध्ये तो परत आला तेव्हा देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले, सांध्यांनी माणसे महिनोन् महिने अंथरुणाला खिळली, आणि देण्याजोगी लस जगात कुठेच नव्हती. पहिली लस अमेरिकेत मंजूर झाली ती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. वृद्धांमधल्या गंभीर दुष्परिणामांमुळे तिथे तिचा परवाना २०२५ मध्ये स्थगितही झाला. आजार दिसेनासा झाला म्हणून काम थांबवले की असे होते.

शेजाऱ्याच्या लशीने मी वाचत नाही

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण गावपातळीवर तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

गोवर माणसाकडून माणसाकडे जातो. गावातल्या बहुतेक मुलांनी लस घेतली तर विषाणूला वाट सापडत नाही आणि एखादे लस न घेतलेले मूलही वाचते. जपानी मेंदूज्वर आणि माकडताप यांचे तसे नाही. त्यांचे विषाणू बगळ्यांत, डुकरांत, माकडांत, उंदीर-घुशींत आणि गोचिडींत राहतात. माणूस त्यांच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. पूर्ण गावाने लस घेतली तरी जंगलातला विषाणू तसाच राहतो. ज्याने घेतली तो वाचतो, ज्याने घेतली नाही तो उघडाच.

म्हणून या लशींमध्ये ‘ऐंशी टक्के झाले, पुरे’ असे म्हणून चालत नाही. उरलेले वीस टक्के म्हणजे नेमके कोण, हे पालघरमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही आशाताईला विचारावे. रस्त्यापासून सर्वांत दूरचा पाडा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब. मच्छीमार बोटीवर महिने काढणारा तरुण. दुसऱ्या डोसाच्या दिवशी जो गावात नसतो, तोच पुष्कळदा रानात, शेतात सर्वांत जास्त वेळ असतो. एका डोसात भागेल आणि दंड सुजवणार नाही अशी लस हवी, हा आग्रह सोयीसाठी नाही. अशा माणसाचा जीव त्यावर अवलंबून आहे.

चाचण्यांबद्दलही हेच. ज्या भागात आजार आहे, तिथल्याच लोकांवर लशीची परीक्षा व्हावी लागते. मग त्या लोकांना त्यांच्या भाषेत, वारलीत बोलणाऱ्याला वारलीत, सगळे समजावून सांगितले पाहिजे. लशीत काय आहे, त्रास काय होऊ शकतो, नाही म्हटले तरी दवाखान्यातले उपचार तसेच मिळत राहतील. अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असे होत नाही.

आणखी एक वाट जनावरांकडून जाते. ऑस्ट्रेलिया आणि क्युबात १९९० च्या दशकात गुरांसाठी गोचिडीविरुद्धच लस आली. ती टोचलेल्या गाईचे रक्त गोचीड प्याली की त्या रक्तातली प्रतिपिंडे गोचिडीच्या आतड्यावर हल्ला करतात. गोचीड मरते किंवा तिची अंडी घटतात. ही लस गुरांवरच्या एका विशिष्ट गोचिडीसाठी आहे, काँगो तापासाठी नाही. पण गोठ्यात उपाय केला तर घरातले माणूस वाचू शकते, हा विचार तिने दाखवून दिला आणि त्या दिशेने आणखी काम व्हायला हवे.

तोपर्यंत

काँगो तापाची भरवशाची लस येईल तेव्हा येईल. वेवजीच्या, तलासरीच्या, डहाणूच्या घरांत तोवर काही गोष्टी करता येतील. गोचीड हाताने चिरडू नये. चिमट्याने किंवा हातात पिशवी घालून कातडीलगत धरावी, सरळ ओढून काढावी, जाळावी, आणि हात साबणाने धुवावेत. जनावर कापताना हातावर उघडी जखम नसावी. गोचिडीचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून घेऊन गुरांना लावावे. पाण्याची पिंपे झाकावीत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत.

आणि ताप आला, अंगावर लाल चट्टे उठले, हिरड्यांतून रक्त आले, तर गोठ्यात काय केले, रानात कुठे गेलो होतो, हे डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरांनीही ते विचारावे. रक्ताचा नमुना द्यायला घाबरू नये. रानात माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे. असिबीच्या रक्ताने पीतज्वराची लस दिली, कोलारच्या रुग्णाने मेंदूज्वराची. पुढची लस कुठल्या गावातल्या थेंबातून येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. तो थेंब मात्र वेळेवर पुण्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि पोहोचल्यावर तीस वर्षे पडून राहता कामा नये. पहिले काम आपले आहे. दुसरे सरकारचे, आणि ते झाले का, हे विचारत राहणेही आपलेच.